कलिंगडाचा झेल

उन्हाळा तापू लागला की दादरच्या बाजारात कलिंगडांचे टेम्पो लागतात आणि शहरातलं सगळ्यात देखणं क्षेत्ररक्षण तिथे फुकटात बघायला मिळतं. टेम्पोत एक जण, खाली दुसरा, त्याच्या पलीकडे तिसरा आणि दुकानाच्या दाराशी चौथा. वरचा कलिंगड उचलतो आणि खाली न बघताच सोडून देतो. खालचा ते झेलतो आणि त्याच झोक्यात कमरेतून वळून पुढच्याकडे टाकतो. हात ताठ ठेवले तर फळ तडकणार, म्हणून झेलताना तो दोन्ही हात अलगद पोटाशी ओढून घेतो. ‘सॉफ्ट हॅण्ड्स, सॉफ्ट हॅण्ड्स’ असं ओरडून क्रिकेटचे कोच पोरांपुढे घसा कोरडा करतात, ते हेच. आणि क्रिकेटचा चेंडू भरतो फार तर 163 ग्रॅम! बऱ्यापैकी कलिंगड चार किलोचं असतं. महिलांच्या गोळाफेकीतला गोळाही चार किलोचाच. म्हणजे हा गडी सकाळभर गोळाफेकीचा गोळा स्लिपमध्ये झेलत असतो.

त्यातला एक गडी तर खांदा आणि कान यांच्यात फोन दाबून घरच्यांशी बोलत होता. विषय गॅस सिलिंडरचा होता. कुणी नंबर लावायचा होता, कुणी लावला नाही, यावरून आवाज चढत गेला. मान वाकडी, कपाळावर आठ्या, पण हात आपलं काम करत होते. एकही फळ सुटलं नाही. क्रिकेटमध्ये झेल सुटला की फलंदाजाला जीवदान मिळतं. इथे झेल सुटला तर कलिंगडाचा जीवच जातो आणि त्याचे पैसे मजुरीतून कापले जातात. एवढ्या दडपणाखाली इतकं शांत राहणारा क्षेत्ररक्षक मला अजून टीव्हीवर दिसलेला नाही.

कबड्डी तर या शहराच्या रक्तातच आहे. परळ-लालबागला गिरण्यांचे भोंगे वाजायचे, तेव्हा गल्लीगल्लीत मैदानं आखलेली असायची. भोंगे थांबले, चढाई मात्र थांबली नाही. ती आता सकाळच्या फास्ट लोकलच्या लेडीज डब्यात चालते. डोंबिवलीला चढलेल्या, दादरला उतरणाऱ्या एखाद्या मावशींकडे नीट बघा. ठाणं सुटलं की त्या जागा सोडतात. ती जागा कुणाला द्यायची हे कल्याण लाइनवरच्या रीतीनुसार आधीच ठरलेलं असतं. घाटकोपर येईतो ओढणीची गाठ कमरेला, पर्स पाठीवरून पोटावर आणि चष्मा पर्समध्ये. मग ‘दादर का? दादर?’ असं पुढच्या प्रत्येक पाठीला विचारत त्या सरकतात. कोण उतरणार, कोण नुसतीच दांडा धरून उभी राहणार, याचा पक्का हिशेब कुर्ला यायच्या आत तयार असतो. चढाईला निघालेला खेळाडू मध्यरेषेवर उभा राहून कोपरा कोण सांभाळतंय, घोट्याला कोण झेपावेल, हे जसं डोळ्यांनी मोजून घेतो, तसंच हे.

गाडी थांबते. कबड्डीत एका चढाईला 30 सेकंद मिळतात. दादरला लोकल थांबते तीही अर्धा मिनिट धरा. फरक इतकाच की कबड्डीत समोर जास्तीत जास्त सात जण असतात आणि इथे फलाटावरून अख्खा जथा आत घुसत असतो. मावशी गुडघ्यात किंचित वाकतात, डावा खांदा पुढे काढतात, जेवणाची पिशवी डोक्याच्या वर धरतात आणि एका दमात बाहेर. फलाटावर त्या चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवतात तेव्हा केसांतल्या गजऱ्याचं एक फूलसुद्धा हललेलं नसतं. या चढाईला मी बोनस गुणासकट सगळे गुण देईन.

चालत्या गाडीत उडी मारणाऱ्यांना मात्र मी एकही गुण देणार नाही. मुंबईचे रूळ दर वर्षी हजारांच्या घरात जीव घेतात. तो खेळ नव्हे, आणि त्याचं कौतुक कुणी करू नये.

डबेवाल्यांविषयी एवढं लिहून झालंय की त्यांच्याकडे खेळाडू म्हणून बघायचं राहूनच गेलं. डोक्यावरच्या लांब लाकडी पाटीत पस्तीस-चाळीस डबे, म्हणजे साठेक किलोचं ओझं, अनेकदा स्वतःच्याच वजनाइतकं. ते डोक्यावर घेऊन गर्दीच्या जिन्यावरून चढायचं, आणि कुणाच्याही ताकातला थेंब सांडू द्यायचा नाही. हे गडी बहुतेक मावळ, मुळशी, खेड, जुन्नरकडचे. डोंगर चढणं त्यांच्या पोटऱ्यांना लहानपणापासून ठाऊक. बेस्टच्या गच्च भरलेल्या बसमध्ये कशालाही न धरता, ब्रेक लागत असतानाही, सुट्टे मोजून परत देणारा कंडक्टर हा माझ्या मते जिम्नॅस्टच. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत रस्त्यावरून पेपर फेकणाऱ्या पोराच्या मनगटाबद्दल तर बोलायलाच नको.

कुणी म्हणेल, हे सगळं गमतीपुरतं ठीक आहे. मला ते गमतीपुरतं वाटत नाही. 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवणारा कोल्हापूरकडचा स्वप्नील कुसाळे मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. महेंद्रसिंग धोनीनेही खरगपूरला तीच नोकरी केली. सांगलीच्या संकेत सरगरच्या वडिलांची पानाची टपरी. संकेत स्वतःही तिथे हातभार लावायचा. त्याने 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत 55 किलो गटात स्नॅचमध्ये 113 आणि क्लीन अँड जर्कमध्ये 135, असं मिळून 248 किलो वजन उचललं आणि रौप्य जिंकलं. सुवर्ण हुकलं ते एका किलोने, आणि तेही कोपर दुखावल्यावर. आदल्या वर्षी त्याच्याकडून पान घेणाऱ्या किती जणांनी त्याच्या मनगटांकडे बघितलं असेल?

बघितलं पाहिजे. अंगात खेळ असून भागत नाही. कुणाला तरी तो दिसावा लागतो, आणि लहान वयात दिसावा लागतो. टेम्पोवरच्या गड्याचं वय आता निघून गेलंय, पण त्याचा दहा वर्षांचा मुलगा सुट्टीत त्याच्याच बाजूला उभा राहून लहान लहान कलिंगडं झेलताना मी पाहिलाय, आणि हात तोही पोटाशीच ओढून घेतो. अशी पोरं तुमच्या वाण्याकडे, इस्त्रीवाल्याकडे, बिल्डिंगच्या वॉचमनकडेही असतील. त्यांना विचारा, काय खेळतोस? मल्लखांबासाठी शिवाजी पार्कचं समर्थ व्यायाम मंदिर आहे, कबड्डीसाठी प्रभादेवी-लालबागची मंडळं अजून घाम गाळताहेत. एका रविवारी त्याच्या आईवडिलांना सांगून त्याला तिथवर घेऊन जा, आणि पहिल्या बुटांचे पैसे तुम्ही भरा.