तिकिटाची कबड्डी



आमच्या वस्तीत कबड्डी पाहायला कधी तिकीट लागले नाही. १४ एप्रिलच्या आधी तीन-चार रात्री विहारासमोरच्या पटांगणात चुन्याची फक्की मारायची, खांबाला दोन मोठे दिवे बांधायचे आणि लाऊडस्पीकरवर संघांची नावे पुकारायची. मग अमरावतीतलेच काय, बडनेऱ्याकडचे आणि अकोल्याचे पाहुणेही जेवण उरकून हजर. बाया ओट्यावर, म्हातारी माणसे खुर्च्यांवर, तरणी पोरे भिंतीवर. आणि सर्वांत पुढे, रेषेला खेटून, लेकरे मातीत बसलेली. चढाईचा गडी पकडीत सापडून धपकन पडला की धूळ लेकरांच्या तोंडावर. ज्याने जयंतीची वर्गणी पाच रुपये दिली त्याचे लेकरू तिथेच आणि ज्याने शंभर दिले त्याचेही तिथेच.

२०१७ च्या ऑगस्टमध्ये नागपुरात प्रो कबड्डीचे सामने होणार अशी बातमी आली. झाले असे की बंगळुरू बुल्स या संघाला त्या वर्षी आपल्या गावी मैदान मिळाले नाही, म्हणून त्यांचे 'घरचे' सामने नागपूरच्या मानकापूर येथील विभागीय क्रीडा संकुलाच्या बंदिस्त स्टेडियममध्ये ठरले. कर्णधार रोहित कुमार. लीग २०१४ साली सुरू झाली आणि २०१६ पासून आमची पोरे त्याला टीव्हीवर पाहत होती. एका आठवड्यापुरते का होईना, नागपूर त्याचे घर होणार होते. आणि नागपूर म्हणजे आम्हां वऱ्हाडच्या बौद्धांचे दुसरे घरच.

आमच्या गल्लीत चौदा घरांची भिशी आहे. वर्षावासात संध्याकाळी विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते, ते आटोपल्यावर भिशीचा हिशेब. त्या दिवशी पोरांनी विषय काढला. आबाजी भिंतीला टेकून बसले होते. तरुणपणी हुतूतू गाजवलेला माणूस, अजूनही गुडघ्यावर व्रण दाखवतात.

"आबाजी, नागपूरले कबड्डी हाय. टीव्हीवरची. येता काय?"

"टीव्हीवरची हाय त टीव्हीवर पाहा न बाप्पा. नागपूरले कायले जाता?"

सगळे हसले, पण मग हिशेब सुरू झाला आणि हसू ओसरले. तिकिटाच्या कागदावर एकच आकडा असतो. आमच्या वहीत पाच आकडे झाले. तिकीट, रेल्वेचे जाणे-येणे, नागपूर स्टेशनावरून मानकापूरपर्यंत ऑटो, लेकरांचे खाणे आणि सर्वांत मोठा आकडा म्हणजे बुडालेली रोजी. सामना रात्रीचा, परत यायला सकाळ. म्हणजे एक नाही, दीड दिवसाची रोजी. मिस्त्रीच्या हाताखाली काम करणाऱ्याला आणि चार घरची धुणीभांडी करणारीला रजा नावाची गोष्ट नसते. शेवटी त्या महिन्याची भिशी ज्या वहिनींना लागली होती, त्या म्हणाल्या, "माह्या भिशीतून लेकराईचे तिकीट काढा, मग पाहू." त्यांनी ते पैसे छताच्या टिनांसाठी ठेवले होते हे आम्हाला माहीत होते. दोन हप्त्यांत आम्ही ते फेडले, पण त्या पावसाळ्यात त्यांच्या घरात दोन ठिकाणी भांडी ठेवावी लागली हे इथे लिहून ठेवतो.

आम्ही अकरा जण निघालो. अकोल्याहून आमचे पाहुणे ज्या गाडीने निघाले, तिच्यातच बडनेऱ्याला चढलो. अकोल्याचे पाहुणे डाळमिलमध्ये हमाली करतात. त्यांनी एक दिवस अदलाबदलीत मिळवला होता. धामणगाव, पुलगाव, वर्धा, पाऊस चालू. आमच्यातला एक भाऊ शाळेत शिपाई आहे. त्याने गाडीत सांगितले की कबड्डी पहिल्यांदा परदेशात नेऊन दाखवणाऱ्यांत आपलीच अमरावती होती. १९१४ साली स्थापन झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीचे प्रात्यक्षिक केले होते. पुढे १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डी पदकाचा खेळ झाली आणि भारताने सुवर्ण जिंकले. लेकरांना खरे वाटेना. ज्या मंडळाच्या रस्त्याने ती रोज शाळेत जातात, तिथून बर्लिन!

स्टेडियममध्ये शिरलो तेव्हा आमचे डोळे दिपले, हे कबूल केले पाहिजे. माती नाही, मॅट. रंगीत झोत, ढोल, निवेदकाचा आवाज छातीत घुमणारा. हजारो माणसे एका दमात ओरडतात तेव्हा अंगावर काटा येतो. आबाजी पहिल्या पाच मिनिटांत उठून उभे राहिले आणि मागच्या माणसाने दोनदा सांगितले तरी बसले नाहीत. एका गड्याने मधल्या रेषेला बोट लावून तिघांना बाद केले, तेव्हा आमच्या भिशीवाल्या वहिनींनी अशी शिट्टी मारली की आम्ही सगळे त्यांच्याकडे पाहू लागलो. ती शिट्टी त्या कुठे शिकल्या ते अजून सांगत नाहीत.

पण आमची जागा वर, मागे. तिथून खेळाडूंचे चेहरे दिसत नव्हते. श्वास तर नाहीच ऐकू आला. कबड्डीत तर सगळी गंमत श्वासात आहे. "कबड्डी कबड्डी" म्हणताना आवाज कापू लागला की जवळ बसलेल्या लेकरालाही कळते, गडी आता परतणार. वरून हे काही कळेना, म्हणून लेकरे मोठ्या पडद्याकडे पाहत राहिली. खाली मॅटच्या कडेला मोठ्या तिकिटांच्या खुर्च्या होत्या. आबाजी बराच वेळ तिकडे पाहत होते. म्हणाले, "आपल्या गल्लीत जिथं लेकरं बसते, तिथं इथं साहेब बसते." आणि थोड्या वेळाने, "शेवटी टीव्हीच पाह्यला न?"

बाहेरचे खाणे आत नेता येत नाही हे आधीच कळले होते, म्हणून भाकरी-ठेच्याचे गाठोडे उत्तर नागपुरातल्या नातेवाइकांकडे ठेवले होते. रात्री ते घेऊन स्टेशनावर आलो आणि फलाटावर पंगत मांडली. तेव्हा सहज लक्षात आले, याच फलाटावर आम्ही दरवर्षी अशीच गाठोडी घेऊन उतरतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला आमचे आजे-पणजे ज्या जागी धम्मात आले, तिथे लाखोंची गर्दी होते, कुणी तिकीट विचारत नाही, उलट ठिकठिकाणी भोजनदान चालते. आणि अकोल्याला दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा सोहळा भरतो तो तर क्रिकेट क्लबच्याच मैदानावर. त्या मैदानावर आमच्या लेकरांनी बॅट क्वचितच धरली असेल, पण सभेला ती अगदी पुढे सतरंजीवर बसलेली असतात.

आमच्या गल्लीतल्या मोठ्या पोरांना अर्थात क्रिकेट हवे असते. नागपूरचे जुने व्हीसीए मैदान सिव्हिल लाइन्समध्ये, स्टेशनावरून पायी जाण्यासारखे. २००८ साली नवे स्टेडियम वर्धा रोडवर जामठ्याला झाले, ४५ हजार माणसांचे, सुंदर, पण शहरापासून वीसेक किलोमीटर दूर. सचिन तेंडुलकरचे नव्याण्णवावे आंतरराष्ट्रीय शतक तिथलेच, १२ मार्च २०११, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध. त्या दिवशी भारत हरला ही गोष्ट वेगळी. मोटारवाल्याला वीस किलोमीटर म्हणजे काही नाही. ज्याला रात्री दहानंतर तिथून स्टेशन गाठायचे आहे, त्याला ते दुसरे तिकीटच. मेट्रो २०१९ पासून खापरीपर्यंत झाली, २०२३ च्या मार्चपासून एसटीत बायांना अर्धे तिकीट झाले, त्याने थोडा आधार आहे. आमच्या बाया म्हणतात, आता नवऱ्यापेक्षा आमचेच जाणे स्वस्त, घरी तुम्हीच राहा!

जुन्या मैदानाची आणखी एक आठवण गल्लीत आहे. २६ नोव्हेंबर १९९५, रविवार, भारत-न्यूझीलंड सामना. संविधान स्वीकारल्याची तीच तारीख. आमच्यातल्या दोघांना जायचे होते, पैसे जुळले नाहीत म्हणून राहिले आणि दिवसभर कुरकुरत होते. न्यूझीलंडने ३४८ धावा केल्या. आणि त्याच दिवशी तिथल्या स्टँडची भिंत कोसळली, सामना पाहायला गेलेली माणसे दगावली. संध्याकाळी ते दोघे कुरकुरायचे थांबले. तेव्हापासून कुठे नवे स्टेडियम होणार असे ऐकले की ते दोघे भावाच्या आधी जिने विचारतात. किती रुंद आहेत, माणसे उतरणार कुठून?

पळवणकर बाळू यांचे नाव आमच्या पोरांना आम्ही सांगतो. चर्मकार समाजातला हा गोलंदाज पुण्यात खेळपट्टीची कामे करता करता मोठा झाला. मैदानात त्याच्या फिरकीवाचून चालत नसे, पण चहाच्या वेळी त्याला मंडपाबाहेर वेगळ्या भांड्यात चहा मिळे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून जास्त बळी घेतले, तरी कर्णधारपद मिळाले नाही. ते १९२३ साली त्याचा भाऊ विठ्ठल याला मिळाले. १९३७ च्या निवडणुकीत बाळू बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि पडले हेही आम्ही लपवत नाही. पण मंडपाच्या आत कोण आणि बाहेर कोण, हा प्रश्न त्यांच्या आयुष्यात जसा दिसतो तसा पुस्तकात कमी दिसतो. आता बाहेर जात विचारून उभे करत नाहीत. पैसे विचारतात.

पैशाचेच बोलायचे तर, २२ सप्टेंबर २०२५ पासून आयपीएलच्या तिकिटावरचा जीएसटी २८ वरून ४० टक्के झाला. मूळ हजाराचे तिकीट १२८० ला पडत होते, ते १४०० ला पडू लागले. मान्यताप्राप्त क्रीडा स्पर्धांच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटाला मात्र कर नाही. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. आता दुसरी बाजू पाहा. त्याच २०२५ मध्ये महिलांच्या विश्वचषकाची तिकिटे १०० रुपयांपासून ठेवली होती. २ नोव्हेंबरला नवी मुंबईत आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला हरवून चषक जिंकला, तेव्हा स्टेडियम खच्चून भरलेले आम्ही टीव्हीवर पाहिले. म्हणजे शंभर रुपयांत विश्वचषक दाखवता येतो. दाखवायचे ठरवले तर.

कबड्डीचे उलटेच झाले. पुणेरी पलटण आणि यू मुंबा हे महाराष्ट्राचे दोन संघ. पण २०२५ च्या हंगामातले सगळे सामने विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्लीत झाले. पुणेरी पलटण अंतिम सामना खेळली तोही दिल्लीत, दिल्लीच्याच संघाविरुद्ध, आणि हरली. आमच्यासारख्यांचे नागपूर तर सोडाच, पुणेकरांनाही घरचा सामना नाही.

म्हणून अमरावतीत किंवा अकोल्यात कधी असे बंदिस्त स्टेडियम झाले, तर आमच्या काय अपेक्षा आहेत ते भिशीच्या वहीच्या मागच्या पानावर आम्ही लिहून ठेवले आहे. जागा एसटी स्टँडच्या जवळ असावी. सामना शेवटच्या गाडीच्या आधी संपावा. शंभराचे तिकीट असावे आणि ते खिडकीवर मिळावे, कारण आमच्या अर्ध्या घरांत एकच मोबाइल आहे आणि तो कामावर जातो. शाळेच्या लेकरांना पुढची एक रांग. घरची भाकरी आत नेऊ द्यावी, हे वहिनींनी स्वतःच्या हाताने लिहिले. आबाजींनी एवढेच सांगितले की श्वास ऐकू आला पाहिजे. ते कसे करायचे हे इंजिनिअर लोकांनी पाहावे.

आमचेही सगळे बरोबर आहे असे नाही. गेल्या जयंतीच्या सामन्यांत आमच्याच मंडळाने पाहुण्यांसाठी अगदी रेषेजवळ कापड घातलेल्या खुर्च्या मांडल्या आणि लेकरांना मागे हटवले. पुढाऱ्यांना बोलावले होते, वर्गणीही त्यांनी मोठी दिली होती, असे मंडळाचे म्हणणे. गल्लीत दोन दिवस वाद झाला. पोरे रुसली, एक-दोघांनी वर्गणी परत मागितली. शेवटी आबाजी काठी टेकत आले. काही बोलले नाहीत, पहिली खुर्ची उचलून मागे नेऊ लागले. म्हाताऱ्या माणसाला खुर्ची ओढताना पाहून मंडळाच्या पोरांनी बाकीच्या उचलल्या. पाहुणे आले, मागे बसले आणि नऊ वाजता दुसऱ्या कार्यक्रमाला निघूनही गेले.

आबाजींची खुर्चीही मागेच होती. त्यांची नात चढाईला गेली तेव्हा त्यांना काही दिसेना. पुढे मातीत बसलेला एक पोट्टा मागे वळून ओरडून सांगत होता, "आबाजी, दोघी गेल्या! बोनस बी घेतला! आता वापस येऊन रायली!"