अंजनी

महाबळेश्वरच्या रानात उन्हाळ्यात अंजनी फुलते. वनस्पतिशास्त्रात तिच्या वंशाला 'मेमेसिलॉन' म्हणतात. निळ्या-जांभळ्या फुलांचे झुबके थेट फांदीच्या अंगालाच लगडतात.

गेल्या उन्हाळ्यात कॉलेजची सहल आमच्याच भागात गेली होती. सर एका अंजनीपाशी थांबून म्हणाले, "बघा, आभाळ कसं फांदीला बिलगलंय!" साऱ्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात वळणावरून मोळीवाल्या बायका आल्या. त्यांत माझी आई होती. डोक्यावर अंजनीच्याच वाळक्या फांद्यांची मोळी. हे लाकूड फार कठीण आणि तितकेच जड. माझी अनेक वर्षांची भाकरी त्यावरच भाजलेली.

आईने मला पाहिले. मी फुलांकडे पाहू लागलो. तीही ओळख न दाखवता पुढे गेली.

सुट्टीत घरी गेलो, तेव्हा त्याविषयी एवढेच बोलली, "तुज्या सरास्नी सांगायचं व्हतंस, फुलं झडल्यावर फळं बी येत्यात. काळी झाली की ग्वाड लागत्यात."

सर, तिचा निरोप आज देतो आहे. आणि ती मोळीवाली माझी आई होती, हेही.