कारणाचा रकाना

आज्याचा दहावा झाला आणि दुसऱ्याच दिवशी त्याची बंदूक घेऊन मी जुन्नरच्या पहिल्या एसटीत बसले. सोबत पोलीस पाटील होते. ज्याच्या नावावर परवाना तो माणूस गेला की हत्यार घरात ठेवता येत नाही, पोलीस ठाण्यात नाहीतर परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. आज्यानं जुन्या घोंगडीची गवसणी शिवली होती, तीत ती उभी धरून बसले. उभी केली की माझ्या खांद्याला लागायची.

हवालदारांनी गवसणी सोडली, नंबर उतरवून घेतला. दस्त्यावर जिथं आज्याचा गाल टेकायचा तिथलं लाकूड काळं पडून काचेसारखं गुळगुळीत झालं होतं. तिथं मी नकळत बोट फिरवलं. त्यांनी पाहिलं, पण काही बोलले नाहीत. पावती हातात दिली: ठासणीची बंदूक, एक, जुनी.

आमचं घाटघर नाणेघाटाच्या तोंडाशी, जीवधनच्या पायथ्याला. खाचरात भात, उतारावर नाचणी आणि वरई. पाऊस एवढा, की आषाढात चार-चार दिवस समोरचा गड दिसत नाही. वर्षाचं खाणं या एका हंगामात पिकतं आणि आश्विनात लोंबी भरली की जंगलातून डुकरं उतरतात. एका रात्रीत कळप खाचर लोळवून जातो. खातो थोडं, तुडवतो सगळं. म्हणून माळे बांधायचे, रात्रभर जागायचं, डबे वाजवायचे. आजा मध्यरात्री एक बार काढायचा. छर्रे घालायचा नाही. दारू, वर चिंधीचा बोळा, गजानं ठासायचं, टिकली बसवायची आणि नळी जीवधनच्या कड्याकडे उंच धरायची. आवाज कड्यावर आपटून परत यायचा. मग पलीकडच्या माळ्यांवरून एकेक हाळी यायची, म्हणजे सगळे जागे आहेत.

तो गेला त्या वर्षी बार झाला नाही. खालची दोन खाचरं गेली.

भाऊ चाकणला कंपनीत आहे. आईचे गुडघे गेलेत. राखणीला राहते मी. तेव्हा परवाना माझ्या नावावर करायचं ठरलं. त्याच वेळी कळलं, की धारकाचं वय ७० झालं किंवा परवान्याला २५ वर्षं झाली, तर हयातीतच तो वारसाच्या नावे मागता येतो. आज्याची दोन्ही कधीच झाली होती. आम्हाला हे सांगणारं कुणी भेटलं नाही, याची हळहळ मला अजून आहे. त्याच्या हातून माझ्या हातात यायला हवी होती ती.

अर्ज ऑनलाइन. सेतू केंद्रातल्या मुलानं भरून दिला. जन्माचा दाखला, रहिवासी पुरावा, सातबारा, बाकीच्या वारसांची संमती, सरकारी डॉक्टरांचा शरीर-मन धड असल्याचा दाखला, हत्यार सुरक्षित हाताळायचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र. प्रशिक्षणात पहिला धडा नळीची दिशा. आज्याचाही पहिला धडा तोच. मी नऊ वर्षांची असताना मोकळी बंदूकसुद्धा शेळीकडे वळली म्हणून त्यानं माझ्या हातावर चापट मारली होती.

आणि एक रकाना: शस्त्र कशासाठी हवं? शहरातला माणूस तिथं जिवाचा धोका लिहितो, पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर मागतो, कमरेला कपड्याआड बाळगतो. १९५९ च्या शस्त्र कायद्यात ठासणीची बंदूक खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी वेगळी धरली आहे. मी लिहिलं, भाताच्या राखणीसाठी.

चौकशीला हवालदार घरी आले. ओट्यावर बसले, पाणी प्यायले.

"ताई, बंदूक चालवणार कोण?"

"मी."

"घरातलं कुणी पुरुषमाणूस?"

"साहेब, माळ्यावर मी असते."

त्यांनी तसंच लिहून घेतलं. मग शेजाऱ्यापाजाऱ्यांचे जबाब. घरात भांडणं होतात का? कुणी दारू पितं का? बांधावरून कुणाशी वाद? पलीकडच्या खाचराच्या ठकीआजीशी आमचा बांधावरून खरंच वाद होता, दोन वर्षं बोलणं बंद होतं. मी आत चुलीपाशी उभी राहून ऐकत होते. आजी म्हणाली, "वाद हाय आमचा. पण पोरगी मान्साकडं बंदूक धरायची न्हाय." एवढं बोलून तिनं अंगठा उठवला. माझा गळा दाटून आला. परवान्यावर सही जिल्हाधिकाऱ्यांची होते, पण मला तो त्या अंगठ्यानं मिळाला असं मी मानते.

जाताना हवालदारांनी बजावलं ते खरंच होतं. परवाना म्हणजे मारायची मुभा नव्हे. डुकरासाठीसुद्धा वनखात्याची वेगळी परवानगी लागते. बिबट्या तर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला. खाली नारायणगाव-ओतूरकडच्या उसात बिबट्यांनी माणसांची झोप उडवली आहे, माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे, तिकडचे पाहुणे मला म्हणाले, बरं झालं, आता भीती नाही. मी त्यांना सांगितलं, ही त्यासाठी नाही. लग्नाच्या वरातीत बार काढ म्हणणारेही आले. २०१९ पासून त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे, हेही सांगितलं. कायदा नसता तरी काढला नसता.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. निवडणूक आली की हत्यारं जमा करायला सांगतात. शांततेसाठी ते हवंच. पण विधानसभेचं मतदान २०१४ ला १५ ऑक्टोबरला, २०१९ ला २१ ऑक्टोबरला. दोन्ही वेळा भात उभं आणि आज्याची बंदूक ठाण्यात. कुणाची हत्यारं जमा करायची याची छाननी करणाऱ्यांनी पीक राखायच्या ठासणीचा विचार वेगळा करावा, एवढंच मागणं आहे.

परवाना आश्विनाच्या तोंडावर आला. पावती दाखवून बंदूक सोडवली, त्याच गवसणीत घालून आणली. आजा खुंटीला टांगायचा, मी पत्र्याची पेटी घेतली, किल्ली गळ्यात.

तिसऱ्या रात्री खालच्या खाचरात खसफस झाली. हात थरथरत होते. दारू, चिंधी, गज, टिकली. नळी जीवधनकडे. बार कड्यावर आपटून परत आला आणि खालची पाचोळ्यातली धावपळ जंगलाच्या अंगाला गेली.

थोडा वेळ काहीच नाही. मग पलीकडच्या माळ्यावरून ठकीआजीची हाळी आली, लांबलचक. मी हाळी दिली आणि कंदील जवळ ओढून नळी पुसायला बसले.