तीन पाळ्या, पाच माणसं

आमच्या जिल्हा रुग्णालयात सीटी स्कॅन चोवीस तास सुरू ठेवायचं ठरलं आणि तंत्रज्ञांच्या पदांचा प्रस्ताव लिहायचं काम वरिष्ठ क्ष-किरण तंत्रज्ञ म्हणून माझ्याकडे आलं. कार्यालयातल्या साहेबांचा हिशेब तयार होता: तीन पाळ्या, तीन माणसं.

मी कागदावर मांडून दाखवलं. वर्षाच्या पाळ्या होतात १०९५. एका माणसाच्या ३६५ दिवसांतून ५२ साप्ताहिक सुट्ट्या, ३० अर्जित रजा आणि ८ किरकोळ रजा वजा केल्या, की उरतात २७५. म्हणजे कोणी आजारी पडलं नाही, कोणाला बाळंतपणाची रजा लागली नाही, तरी चार माणसं लागतात. आजारपण, प्रशिक्षण, सणावाराच्या सुट्ट्या धरल्या की पाच. आणि एवढं करूनही प्रत्येक पाळीत माणूस एकटाच.

साहेबांनी रजिस्टर पुढे ओढलं. "मॅडम, रात्री पेशंट असतात तरी किती?"

खरी अडचण त्या रजिस्टरचीच आहे. त्यात नोंदी मोजल्या जातात, वेळ नाही. चालत आलेल्या माणसाचा छातीचा एक्स-रे पाच मिनिटांत होतो. रात्री दोन वाजता अपघाताचा पेशंट येतो तेव्हा त्याच्या मानेला कॉलर असते, तो शुद्धीत नसतो, त्याला ट्रॉलीवरून टेबलावर घ्यायलाच चौघे लागतात. रजिस्टरात दोन्ही नोंदी सारख्याच दिसतात. अतिदक्षता विभागातून पोर्टेबल एक्स-रेसाठी बोलावणं आलं, की एकटा तंत्रज्ञ खोलीला कुलूप लावून वर जातो आणि खाली रांग थांबते. हाडांच्या शस्त्रक्रियेत सी-आर्म या फिरत्या एक्स-रे यंत्रावर दोन-दोन तास शिशाचा एप्रन घालून उभं राहायचं, त्याची नोंद एका ओळीची.

म्हणून आम्ही महिनाभर वेगळी वही ठेवली. बोलावणं आल्यापासून पेशंट टेबलावरून उतरेपर्यंतचा वेळ तिच्यात लिहिला. जागतिक आरोग्य संघटनेची मनुष्यबळ ठरवण्याची 'विस्न' नावाची पद्धत आहे, तीही असाच विचार करते: माणसाच्या हाती वर्षाला खरोखर किती वेळ असतो आणि एकेका कामाला किती लागतो. मला ही पद्धत पूर्णपणे पटते, कारण माणसं कमी पडली की थकलेल्या माणसाच्या हातून डाव्याऐवजी उजवा मार्कर लागतो, फिल्म हलते, पुन्हा काढावी लागते. ते जास्तीचे किरण पेशंटच्या अंगावर पडतात. आमच्या अंगावर पडणारे किरण मोजणाऱ्या, छातीवरच्या टीएलडी बिल्ल्यात त्यातलं काहीच उमटत नाही.

वही जोडून पाच पदं मागितली. चार मंजूर झाली. भरली गेली तीन.

आकृतिबंध ठरवणाऱ्या अधिकाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: यंत्र खरेदीच्या फायलीतच पदांचा प्रस्ताव जोडा, आणि त्यावर सही करण्याआधी क्ष-किरण विभागात एक पूर्ण रात्र बसा.