‘मॅडम, बघावं लागतं’

मी सॉफ्टवेअरच्या स्क्रीन रचते, आणि गर्दीच्या स्क्रीनचा मला राग होता. एकाच पानावर ढीगभर चौकटी, कडेला एफ-फाइव्ह, एफ-सेव्हन अशा कळांची यादी, असं सॉफ्टवेअर दिसलं की ते बनवणाऱ्याला वापरणाऱ्याची पर्वा नाही, असं मी धरून चालायचे. आणि ते आवडीने वापरणाऱ्यांची, खरं सांगते, मला कीव यायची. टॅलीवर हयात घालवलेले हिशोबनीस माझ्या मोकळ्या, नेटक्या स्क्रीनला नाकं मुरडायचे. ‘सवय सुटत नाही, दुसरं काय,’ म्हणून मी विषय संपवायचे. एका वेळी एकच प्रश्न, मोठं बटण, भरपूर मोकळी जागा म्हणजे सोपं. याच्या तळाशी एक समजूत होती, जी मी कधी बोलून दाखवली नाही: माणूस जितका कमी शिकलेला, तितकी त्याची स्क्रीन रिकामी हवी.

नाशिक जिल्ह्यातल्या एका कांदा व्यापाऱ्याच्या पेढीचं काम आलं, तेव्हाही मी तेच केलं. लिलावात भाव ठरला की सौदापट्टी होते. ट्रॅक्टर काट्यावर आधी भरलेला आणि मग रिकामा तोलतात. निव्वळ वजनाला भाव लावून, काही कपात असेल ती वजा करून शेतकऱ्याच्या हाती हिशोबपट्टी पडते. मी या क्रमाचे टप्पे पाडले. प्रत्येक टप्प्याला एक पान आणि खाली ‘पुढे’चं बटण. रचनेवर मी खूश होते.

ती शिकवायला म्हणून पेढीचा हिशोब लिहिणाऱ्या दिवाणजींच्या मागे खुर्ची टाकून बसले. आधी त्यांचं जुन्या सॉफ्टवेअरवरचं काम बघू, म्हटलं. डावा हात काटापट्ट्यांच्या गठ्ठ्यावर, उजवा आकड्यांच्या कळांवर. नजर पट्टीवर आणि बोलणं समोरच्या शेतकऱ्याशी. स्क्रीनकडे ते जवळजवळ बघतच नव्हते. आकडा, एंटर, आकडा, एंटर. मधेच हात थांबायचा, कारण रिकाम्या ट्रॅक्टरचं वजन त्यांना खटकलेलं असायचं. चूक ते कागदावरच पकडत होते, आकडा मशीनमध्ये जाण्याआधी.

मग मी माझी रचना उघडून दिली. प्रत्येक पानाला मान वर, हात माउसवर, बटणाचा शोध, पुन्हा मान खाली. तेवढ्यात पट्टीवरची ओळ हरवायची. समोर शेतकरी ताटकळलेला. बऱ्याच वेळाने ते अगदी मवाळपणे म्हणाले, ‘‘मॅडम, छान केलंय. पण याच्याकडे बघावं लागतं.’’

यावर मला काही सुचलं नाही. मी आजवर बघण्याजोग्या स्क्रीन केल्या होत्या. जिच्याकडे बघायची गरजच पडत नाही तीच स्क्रीन कुणासाठी तरी सगळ्यात चांगली असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बरं, हे मला शिकवलं नव्हतं असंही नाही. सराईतांसाठी जवळच्या वाटा ठेवा, हे याकोब नील्सन यांच्या १९९४ सालच्या, वापरसुलभतेच्या दहा नियमांत आहेच, आणि नव्या सहकाऱ्यांना ते मीच समजावते. फक्त ‘सराईत’ म्हटलं की माझ्यासमोर माझ्यासारखीच माणसं यायची. लॅपटॉपवाली, इंग्रजी बोलणारी. अडाणी कोण होतं, ते त्या खुर्चीत बसून मला कळलं.

यानंतर मी दुसऱ्या टोकाला गेले असते, सगळं कळांवर आणि सगळं एका पानात. पण त्याच दिवाणजींचा काही महिन्यांनी फोन आला. परवान्याचं नूतनीकरण ऑनलाइन करायचं होतं, वर्षातून एकदा येणारं काम. ‘‘मॅडम, इथे पुढे काय दाबू?’’ तिथे त्यांना हवी होती माझी जुनीच, सावकाश, हात धरून नेणारी रचना.

म्हणजे नवखा आणि सराईत ही माणसांची नावं नव्हेतच. एकच माणूस सकाळी एक असतो आणि दुपारी दुसरा. आता मी शिक्षण विचारत नाही. हे काम किती वेळा करता, करताना नजर कुठे असते आणि चूक कुठे लक्षात येते, एवढं विचारते. पेढीवर नोंदीचं पान आता गच्च भरलेलं आहे आणि माउसशिवाय चालतं. हंगामापुरत्या येणाऱ्या मुलासाठी त्याच नोंदीची टप्प्याटप्प्याची वाट वेगळी आहे.

मोकळी स्क्रीन दिसली की मन अजूनही सुखावतं. ती माझी आवड आहे. तिची किंमत दिवाणजींच्या मानेने का मोजावी?