बोनसचा कॉलम

बर्मिंगहॅमला ऑनसाइट गेलेला प्रत्येक जण घरी पहिला फोटो पाठवतो तो तिथल्या लायब्ररीचा. सोनेरी-काळ्या कड्यांनी मढवलेली इमारत, २०१३ साली मलालाच्या हस्ते उद्घाटन, खर्च १८ कोटी ८० लाख पौंड आणि सातव्या मजल्यावर चक्क बाग! तिथून खाली पाहिलं की शहराची नवी मांडणी दिसते. बुलरिंग, नवंकोरं न्यू स्ट्रीट स्टेशन, ट्राम आणि जिकडेतिकडे क्रेन्स. २०१७ साली मंजूर झालेल्या विकास आराखड्यात २०३१ पर्यंत ५१,१०० नव्या घरांचा हिशोब मांडलाय. पुण्यात मेट्रोच्या खोदकामातून वाट काढत ऑफिस गाठलेल्या माणसाला हेवा वाटणारच ना!

आणि ५ सप्टेंबर २०२३ ला याच शहराच्या काउन्सिलने ‘कलम ११४’ची नोटीस काढली. साध्या मराठीत सांगायचं तर तिजोरीत खडखडाट. कायद्याने द्याव्याच लागणाऱ्या सेवा सोडून नवा खर्च बंद. कारणं दोन सांगितली गेली. एक, ओरॅकलची नवी सिस्टिम. तिचा १.९ कोटी पौंडांचा अंदाज १० कोटींच्या घरात गेला. (आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये यावर काय काय विनोद झाले ते छापण्यासारखं नाही.) आणि दुसरं, बायकांना द्यायचा राहिलेला पगार. अंदाज ६५ ते ७६ कोटी पौंड! हा आकडा फुगवलेला होता असं म्हणणारे अभ्यासक नंतर पुढे आले, पण तोवर शहराने घाबरून घेतलं होतं.

मी पेरोल सॉफ्टवेअरच्या टीममध्ये. बेसिक, अलाउन्स, डिडक्शन हेच माझं जग. त्यामुळे हे प्रकरण मी जरा खोदून वाचलं, आणि गंमत अशी की सगळी गोष्ट एका कॉलमची निघाली.

काउन्सिलमध्ये शाळेत स्वयंपाक करणाऱ्या, सफाई करणाऱ्या, वृद्धांची काळजी घेणाऱ्या बायका होत्या. कचरा उचलणारे, रस्ते दुरुस्त करणारे, कबरी खोदणारे पुरुष होते. ग्रेड तीच, बेसिक तेच. पण पुरुषांच्या कामाला बोनस होता. २०१० साली लवादापुढे आलं की तो कधी कधी बेसिकच्या १६० टक्क्यांपर्यंत जायचा. बायकांच्या कामाला बोनसच नाही. ब्रिटनमध्ये समान वेतनाचा कायदा १९७० चा, अंमल १९७५ अखेरपासून. सगळ्यांना एकाच पगाररचनेत आणायचा राष्ट्रीय करार १९९७ चा. बर्मिंगहॅममध्ये तो लागू व्हायला २००८ उजाडलं. मग नोकरी सोडून गेलेल्या बायकाही कोर्टात गेल्या. ‘सहा महिन्यांची मुदत टळली,’ असं काउन्सिलचं म्हणणं. २४ ऑक्टोबर २०१२ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं, दिवाणी कोर्टात सहा वर्षांपर्यंत दावा करता येईल. तीन विरुद्ध दोन मतांनी! तिथून दावे वाढत गेले आणि १०० कोटींहून जास्त पौंड वाटावे लागले. पैसे उभे करायला मोठं प्रदर्शन केंद्र विकलं.

माझ्या शेजारी एक बाई राहायच्या, शाळेच्या किचनमधून रिटायर झालेल्या. मनातल्या मनात मी त्यांना मावशीच म्हणायचे. त्या मला ‘बॅब’ म्हणायच्या, तिकडे लाडाने सगळ्यांना तसंच म्हणतात. त्यांचा भाऊ रस्त्यांच्या खात्यात. एका ख्रिसमसला टेबलावर पडलेली त्याची सॅलरी स्लिप त्यांनी पाहिली, आणि मग युनियनचं ऑफिस गाठलं. भरपाई मिळाली, स्वयंपाकघर नवं झालं. पण २०२४ च्या एप्रिलमध्ये काउन्सिल टॅक्स ९.९९ टक्क्यांनी वाढला, रस्त्यांवरचे दिवे मंद करायचं ठरलं, कलासंस्थांचं अनुदान बंद होऊ लागलं, तेव्हा पबमध्ये एकाने त्यांना तोंडावर सुनावलं, ‘तुम्हा बायकांमुळे गाव बुडालं.’ मावशींनी मला हे सांगितलं ते कपडे वाळत घालता घालता. ‘मी मागितलं ते माझंच होतं ना गं?’

हो, त्यांचंच होतं. शहर बुडवलं असेल तर ते बिल पुढे ढकलणाऱ्यांनी. क्रेडिट कार्डाचं मिनिमम ड्यू भरत राहणारा एखादा मित्र आपल्या सगळ्यांना माहीत असतो, तोच हा प्रकार.

तिकडे २००० च्या कायद्याने काउन्सिलांमध्ये स्क्रुटिनी कमिटी आल्या. निर्णय घेणाऱ्यांना उरलेल्या नगरसेवकांनी प्रश्न विचारायचे. कुणीही जाऊन ऐकू शकतं. मी एकदा व्हिक्टोरिया स्क्वेअरच्या त्या जुन्या दगडी इमारतीत जाऊन बसले. आराखड्याची रंगीत चित्रं पडद्यावर आली तेव्हा सगळे सरसावून बसले. समानतेचा मुद्दा शेवटच्या परिशिष्टात होता. पान उलटलं, नोंद घेतली, पुढचा विषय. लायब्ररी आणि किचनमधली बाई एकाच तिजोरीतून चालतात, हे त्या हॉलमध्ये कुणाच्याच बोलण्यात आलं नाही.

२०२५ च्या मार्चमध्ये कचरा कामगारांचा बेमुदत संप झाला. एक हुद्दा रद्द करण्यावरून. काउन्सिलचं म्हणणं, हा हुद्दा ठेवला तर समान वेतनाचे नवे दावे येतील. युनियनचं म्हणणं, आमच्या लोकांचे वर्षाला आठ हजार पौंडांपर्यंत जातील. १७,००० टन कचरा रस्त्यावर साचला, उंदीर झाले. बायकांचा पगार वर आणायच्या नावाखाली पुरुषांचा खाली आणणं, हा तोडगा मला तरी पटत नाही.

पुण्यात परतले तेव्हा आपल्याकडे प्रश्न विचारायला सभाच नव्हती. मार्च २०२२ पासून प्रशासक, निवडणूक झाली थेट जानेवारी २०२६ मध्ये. प्रचाराला एक उमेदवार आमच्या सोसायटीत आले, बरोबर वॉर्डाच्या नव्या उद्यानाचं गुळगुळीत ब्रोशर. मी विचारलं, ‘दादा, आमच्या गल्लीत झाडणाऱ्या बायका कंत्राटी आहेत. परमनंट माणसाच्या मानाने त्यांना किती मिळतं?’

ते हसून म्हणाले, ‘ताई, ते आस्थापनेचं मॅटर आहे. पाणी, रस्ता, गार्डन असं काही असेल तर सांगा.’