कुट्टीच्या पात्याची धार

साताऱ्याहून मिरजेच्या गाडीत बसलं, की कऱ्हाड मागं पडतं आणि दोन्ही अंगांना ऊस दाटत जातो. ताकारीनंतर किर्लोस्करवाडी येते. १९१० साली औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या निवडुंगाच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी ही वसाहत उभारली. त्यांचा लोखंडी नांगर सगळ्यांना ठाऊक आहे. पण बेळगावला असताना त्यांनी वैरण कापायचं यंत्रही केलं होतं, हे किती जणींना माहीत असेल?

माझी आत्या याच भागातली. तिच्या गोठ्यात हातानं फिरवायची कुट्टी आहे. मोठं चाक, चाकाला दोन पाती. आत्याच्या उजव्या हाताचं एक बोट पेरभर तोकडं आहे. यंदा मी धीर करून विचारलंच.

“यंत्राचा दोष न्हवता, पोरी. पातं बोथट झालेलं. कडबा कापायचा सोडून वढायला लागला, तोंडाशी अडकला. मी सोडवाय हात घातला, आन् पोरानं चाक फिरवलं.”

तेव्हापासून धारेचं काम आत्या स्वतः बघते. आधी चाकात लाकूड अडकवून ते पक्कं बांधायचं, मगच पात्याला हात! धार लावायची ती फक्त उताराच्या बाजूनं. सपाट बाजू सपाटच राहू द्यायची. पलीकडे उठलेली बारीक कडा दगडावर एकदा हलकेच घासून काढायची. फिरत्या दगडावर पातं सारखं पाण्यात बुडवायचं. निळी झाक आली, की पोलादाचं पाणी उतरलंच म्हणून समजा. दोन्ही पाती सारखीच घासायची, नाहीतर चाक हेलकावतं. परत बसवताना पातं आणि तोंडाची कड यांत कागदाएवढीच फट ठेवायची. कितीदा धार शाबूत असते, फटच वाढलेली असते!

आणि धार टिकवायची, तर बुडख्याची माती झटकून, खडा-तार बघूनच वैरण लावायची. काम झालं, की पातं पुसून तेलाचा हात फिरवायचा.

निघताना आत्या म्हणाली, “धारेला भ्यायचं न्हाई. बोथटाला भ्यायचं.”

पुढं सांगलीला घरी पोचले. विळीवर भोपळा जोर लावून चिरताना हात थबकला. दुसऱ्या दिवशी विळी आणि कात्री दोन्ही धारवाल्याकडे दिली. मैत्रिणींनो, तुमची विळी कधी दिली होती, आठवतंय?